घर क्रमांक सत्त्याऐंशी

२४ जून

सरकारी हाकिमांनी आज शिरगणतीचं सामान पाठवलं. छापील तक्त्यांचे चार गठ्ठे, खडू, शिक्का आणि 'प्रगणक' असं लिहिलेला एक बिल्ला. सोबत एक कोरी वही होती. ती कशासाठी हे पत्रात लिहिलेलं नाही, म्हणून मी तिची रोजनिशी करत आहे. तिंगराशच्या शाळेत सोळा वर्षं गणित शिकवल्यावर गाव मोजायचं काम माझ्याकडे यावं हे योग्यच झालं. दुसरा कोणी असता तर चुकला असता.

गावात दोन हजार डोकी भरली तर तिंगराश देशाच्या शहरांच्या यादीत येईल, आणि यादीतल्या गावाला कायमचा डॉक्टर मिळतो. आमचा डॉक्टर सध्या गुरुवारी ऐन साल्काहून येतो, तोही जीप चालू झाली तर. ऐन साल्का गेल्या खेपेपासून यादीत आहे. तिथली माणसं शेळीचा भाव करतानासुद्धा हे ऐकवतात.

संध्याकाळी शाळेत गावाला तक्ता समजावून सांगितला. फळ्यावर नमुना म्हणून माझंच घर घेतलं, कारण दोनच माणसं, उदाहरण सोपं. कुटुंबप्रमुख यस्लेम, व्यवसाय शिक्षक. पत्नी मेहजूबा, व्यवसाय काही नाही. जी बाई पगारावर नाही तिच्यापुढे 'काही नाही' लिहावं असं पुस्तिकेत पान नऊवर स्पष्ट आहे. मागच्या रांगेत बायका बसल्या होत्या, त्यात तीही होती. कोणीतरी हसलं. मी शांतता राखायला सांगितली.

२५ जून

ती आज माहेरी गेली. सासूबाईंचा गुडघा दुखतो म्हणे. माहेर खजुरीच्या बागांकडच्या गल्लीत, चालत सात मिनिटांवर, तेव्हा नोंद करण्यासारखं काही नाही. जाताना चहाचं तबक, किटली आणि तिन्ही पेले घेऊन गेली. तिकडेही किटली आहे, पण गुडघेदुखीत चहा जास्त लागत असावा.

३ जुलै

तीन दिवसांत सगळ्या दारांवर खडूने क्रमांक टाकले. तीनशे एकेचाळीस घरं. माझं दोनशे चौदा. सासऱ्यांचं सत्त्याऐंशी. तो क्रमांक मी दुपारच्या नमाजाच्या वेळी टाकला, कारण तेव्हा देद्दा मशिदीत असतात. सासऱ्याने आणि जावयाने समोरासमोर यायचं नाही हे कोणाला सांगायला नको. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यांच्यासमोर मी पाण्याचा घोटही घेतलेला नाही. बाजारात दिसले की मी मुंडासं डोळ्यांपर्यंत ओढतो आणि ते जवळची भिंत बघायला लागतात. आमचे संबंध उत्तम आहेत.

शेजारची ग्लाना म्हातारी दारात उभी होती. मी खडू चालवत असताना म्हणाली, "मास्तर, मेंढा पाठवलास का?"

"कुठे?"

"सासरी."

"कशाला? सण दोन महिन्यांवर आहे."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "बरं, एखादं नवं लुगडं? निदान साखरेची ढेप? कोणी बाई मध्ये घालून निरोप?"

मी सांगितलं की गुडघ्याला साखरेचा उपयोग होत नाही. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. दार लावल्यामुळे क्रमांक टाकायला सोपं गेलं.

१० जुलै

आजची रात्र गणतीची. आज जो जिथे झोपेल तिथेच त्याची नोंद, मग उद्या तो कुठेही जावो. नियम असा सरळ असला की बरं वाटतं. ती आज इकडे झोपायला येईल असं मला वाटलं होतं, नोंदीच्या सोयीसाठी. मी चटई अंगणात टाकून ठेवली होती. आली नाही. तेव्हा घर क्रमांक दोनशे चौदा: माणसं एक.

१४ जुलै

काम जड जात आहे. आमच्या माणसांना आपली पोरं किती ते विचारलेलं आवडत नाही. आकडा तोंडातून गेला की नजर लागते. पाववाल्या मबारेकला विचारलं तर म्हणाला, "देवाच्या कृपेनं आहेत." मी म्हटलं, कृपा किती? म्हणाला, "भरपूर." शेवटी मी आकडा विचारायचं सोडलं आणि रोज किती पाव घरी ठेवतोस ते विचारलं. चौदा म्हणाला. मग बायको आतून ओरडली, "त्यातले तीन हाच खातो!" बारा लिहिलं: बाकीचे अकरा आणि तो.

खजूर पिकल्यामुळे राजधानीची माणसं नेहमीप्रमाणे गावात उतरली आहेत. त्यातला टायरचा व्यापारी हम्मादी रोज दुपारी घर क्रमांक सत्त्याऐंशीत चहाला असतो, असं ग्लानाने न विचारता सांगितलं. तो आज मला विहिरीपाशी भेटला. पांढरे शुभ्र दात, अंगावर कडक इस्त्रीचा निळा झगा.

"मास्तर, गावात घटस्फोट झालेल्या बायका किती?"

"माहिती गोपनीय आहे."

"आणि होण्याच्या बेतात?"

"त्यासाठी रकाना नाही," मी म्हणालो.

तो हसला आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेला. माणूस मोकळा आहे, पण शिरगणतीत त्याला इतका रस का, कळत नाही.

१९ जुलै

शिल्लक घरं एकशे सहा.

आज स्वतः चहा केला. एकच कप घरात आहे, तोही दाढीचा. दोन भांड्यांतून वरखाली ओतला, पंचवीस वेळा, पण फेस आला नाही. ती बोलता बोलता, भांड्याकडे न बघता फेस आणते. ती काय बोलायची ते आठवायचा प्रयत्न केला. बरंचसं आठवत नाही. मी त्या वेळी बहुधा वह्या तपासत असायचो.

मला करमत नाही. हे फक्त नोंद म्हणून.

२३ जुलै

एक घर सोडलं नाही, एक तंबू सोडला नाही, सगळं झालं. बेरीज तीनदा केली. एक हजार नऊशे एक्याण्णव. दोन हजाराला नऊ कमी. राहिलं आहे फक्त सत्त्याऐंशी.

ही गोष्ट मी आतापर्यंत लिहिली नाही, कारण ती आपोआप सुटेल असं वाटलं होतं. मी त्या घरी रीतसर जाऊन देद्दांना प्रश्न विचारू शकत नाही. कोणीच जावई नाही विचारू शकत. आणि गावात शपथ घेतलेला प्रगणक मी एकच.

ग्लानाला गाठलं. तिला लिहिता येत नाही, पण अख्ख्या गावाच्या सात पिढ्या तोंडपाठ आहेत. तिने जाऊन विचारायचं, येऊन मला सांगायचं आणि मी लिहायचं असं ठरलं. ती सकाळी गेली आणि दुपारी तीन पेल्यांचा चहा पिऊन आली.

"बारा माणसं," ती म्हणाली.

मला हुरूप आला. बारा म्हणजे दोन हजार तीन. एकेक नाव घेतलं. अकरा ओळी बिनबोभाट भरल्या. बाराव्या ओळीला ग्लाना थांबली.

"मेहजूबा. वय अठ्ठावीस."

"व्यवसाय?"

"ती म्हणाली, प्रगणकानं स्वतः येऊन विचारावं."

"विवाहित की घटस्फोटित?"

"तेही."

"पण हे तर मला माहीतच आहे. मीच लिहितो."

"लिही की," ग्लाना म्हणाली. "फळ्यावरही तूच लिहिलं होतंस."

ती असं का म्हणाली ते विचारायच्या आत निघून गेली. मी ओळ कोरीच ठेवली.

२५ जुलै

हाकिमांनी सत्त्याऐंशीचा तक्ता परत पाठवला. ऐकीव माहिती चालत नाही. प्रगणकाने घरी जाऊन, कुटुंबप्रमुखाला समोर बसवून विचारलं पाहिजे आणि तिथेच सही केली पाहिजे. शेवटची मुदत एकतीस तारीख.

मी उलट पत्र लिहिलं की कुटुंबप्रमुख माझे सासरे आहेत. हाकिमांचं उत्तर दोन तासांत आलं. हाकीम स्वतः आमच्याकडचेच. त्यांनी लिहिलं होतं, 'तुमची अडचण मला पूर्णपणे समजते. देव तुमच्या पाठीशी असो. एकतीस तारीख.'

२७ जुलै

गावात सगळ्यांना आकडा कळला आहे. मी कोणाला सांगितलं नाही. आज मबारेकने पाव देताना विचारलं, "नऊ माणसांसाठी माझ्या पोरांनी गुरुवारीच आजारी पडायचं का?" विहिरीवर बायका मी दिसलो की गप्प होतात आणि मी पुढे गेलो की बोलायला लागतात. यात काहीतरी आहे जे मला सोडून सगळ्यांना माहीत आहे असं मला आज पहिल्यांदा वाटलं. पण मी थकलो आहे, तेव्हा त्यावर विसंबत नाही.

संध्याकाळी ग्लाना निरोप घेऊन आली. देद्दा म्हणतात, 'मी कोणा प्रगणकाला ओळखत नाही. सरकारी माणूस घरी आला तर उत्तर देईन. मात्र धूळ फार आहे, त्याने तोंड बांधून यावं.'

मी दारात जाऊन बघितलं. वारा अजिबात नव्हता.

२९ जुलै

सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी दहा वाजता मुंडासं असं बांधलं की फक्त डोळे उघडे राहिले. बिल्ला वर लावला. सत्त्याऐंशीचं दार उघडंच होतं. अंगणात चटईवर देद्दा बसले होते, भिंतीकडे तोंड करून. एका कोपऱ्यात टायरवाला हम्मादी चहा पीत होता. मी भिंतीपासून चार हात लांब बसलो, अर्धवट पाठ फिरवून. अशा रीतीने आम्ही दोघं वेगवेगळ्या दिशांना बघत बोललो.

"नाव?"

"देद्दा."

"वय?"

"मोठी विहीर आटली त्या वर्षीचा जन्म."

मी मनात हिशेब करून बहात्तर लिहिलं. "व्यवसाय?"

"खजूर. आणि काळजी."

"काळजी हा व्यवसाय नाही."

"पोरी असत्या म्हणजे कळलं असतं."

मग एकेक नाव झालं. गणतीच्या रात्री घरात कोण कोण होतं ते त्यांनी सांगितलं, मी ताडून बघितलं. ग्लानाचं सगळं बरोबर होतं. देद्दांनी खाकरून घसा साफ केला.

"मला तीन मुली. दोन सुखात आहेत. तिसरीचा नवरा इथे मास्तर आहे. तुम्ही सरकारी माणूस, गावभर फिरता. ओळखत असाल."

"ऐकून आहे," मी म्हणालो.

"काय ऐकलंत?"

"हिशेबाला पक्का आहे म्हणतात."

"तेच तर! अख्खा गाव मोजतो, आणि स्वतःच्या घरातून एक माणूस रागावून गेलं ते चौतीस दिवसांत त्याच्या लक्षात आलं नाही. लिहा."

"त्याला रकाना नाही."

"मग समासात लिहा. अहो, माणूस वाईट नाही. दारू नाही, जुगार नाही, आवाज चढवत नाही. पण माझ्या पोरीला अख्ख्या गावासमोर फळ्यावर मांडतो काय, 'काही नाही' म्हणतो काय! आणि वर एक मेंढा नाही, निरोप नाही, समजूत काढायला एक म्हातारी नाही. गावातली काळी कुत्रीसुद्धा विचारून गेली."

माझी लेखणी थांबली होती. मी विचारलं, "मग गुडघा?"

"कोणाचा गुडघा?"

त्याच वेळी सासूबाई गच्चीवरून शिडीने खाली आल्या. डोक्यावर खजुराची भरलेली पाटी होती आणि एक हातही शिडीला नव्हता. मी त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग तक्त्याकडे बघितलं. चौतीस दिवसांत मला किती जणांनी काय काय विचारलं होतं ते सगळं एकदम आठवलं, आणि मुंडाशाच्या आत माझे कान तापले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"शेवटची ओळ," मी म्हणालो. "संबंधित व्यक्तीने स्वतः उत्तर द्यायचं आहे."

ती आतून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. हिरवं लुगडं. मी वर बघितलं नाही, पण हिरवं होतं.

"विचारा साहेब."

"नाव?"

"फळ्यावर होतं की."

"व्यवसाय?"

"सांगते. जागा आहे का पण?"

"आहे."

"चामड्याच्या उशा रंगवते. गावातल्या निम्म्या तंबूंचे पट्टे माझ्या हातचे आहेत, ऐन साल्कालाही जातात. अकरा मुलींना शिवण शिकवते. दोन शेळ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांची पत्रं वाचते, उत्तरं लिहिते. नवऱ्याच्या पाहुण्यांना रोज तीन वेळा चहा, प्रत्येक वेळी तीन पेले. शिवाय एका मास्तराचा चष्मा, वही आणि अक्कल रोज सकाळी शोधून हातात देते. हे शेवटचं सगळ्यात वेळखाऊ."

मी सगळं लिहिलं. रकाना दुसऱ्याच ओळीत भरला. समासात लिहिलं, मग तक्ता उलटून मागे लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं काढलं. एक शब्दही गाळला नाही. कोपऱ्यात हम्मादीने पेला खाली ठेवला होता.

"विवाहित की घटस्फोटित?"

"ते तुम्ही सांगा."

"प्रगणकाला मत नसतं."

"मग ज्याला असेल त्याला पाठवा," ती म्हणाली आणि आत गेली.

मी सही केली, शिक्का मारला आणि बाहेर पडलो. गल्लीत थोडा वेळ उभा राहिलो. मग बिल्ला काढून खिशात टाकला, मुंडासं सोडून खांद्यावर घेतलं आणि त्याच दारावर थाप मारली.

"कोण?" सासूबाईंचा आवाज.

"यस्लेम. तुमचा जावई."

आत एकदम धावपळ झाली. कोणीतरी म्हणालं, "थांबव त्याला, थांबव!" काहीतरी जड फरशीवरून ओढलं गेलं. मग घराच्या मागच्या बाजूला, भिंतीपलीकडे, धप्प असा आवाज झाला आणि त्यामागून देद्दांच्या आवाजात कण्हणं. जावई म्हणून मी काही ऐकलं नाही.

हम्मादी दारातून बाहेर आला. चपला हातात होत्या. मला बघून म्हणाला, "धूळ फार आहे, नाही?" आणि गेला.

ती अंगणात एकटीच बसली होती, किटलीपाशी. मी समोर बसलो. काय बोलायचं ते मी गल्लीत ठरवलं होतं. ते आठवलं नाही.

"काय काम काढलंत?" ती म्हणाली.

"काम नाही. घरी चल. तू नाहीस तर मला करमत नाही. चहाला फेस येत नाही. मी फळ्यावर चुकीचं लिहिलं."

"पुस्तिकेत तसंच आहे ना? पान नऊ."

"पुस्तिका चुकीची आहे."

यावर ती माझ्याकडे बघत राहिली. पुस्तिका चुकीची असते असं मी तिच्यासमोर पहिल्यांदाच म्हणालो असेन. मग तिने चहा ओतला.

"एवढं बोलायला चौतीस दिवस लागले तुला?"

"मला वाटलं गुडघा दुखतोय."

ती हसली. इतकी हसली की सासूबाई बाहेर डोकावून गेल्या. मी तिसऱ्या पेल्यापर्यंत थांबलो.

"मग येतेस?"

"आज? आज आले तर गाव म्हणेल, फुकट आली. मेंढा कधी येतोय?"

"उद्या सकाळी."

"मग परवानंतर बघू. आणि बारीक मेंढा नको, बाबांना दिसायला हवा. त्यांना बराच वेळ पडून राहावं लागणार आहे."

३१ जुलै

हाकिमांकडे तक्ते जमा केले. तिंगराश: दोन हजार तीन. बाराव्या ओळीत विवाहित लिहिलं आहे. हाकिमांनी सत्त्याऐंशीचा तक्ता उलटून मागची बाजू पूर्ण वाचली. 'अक्कल' पाशी त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग त्यांनी दोनशे चौदा बघितलं. "मास्तर, इथे एकच?"

"दहा तारखेच्या रात्री एकच होतो."

"पण बाई परत येतायत असं ऐकतो. मेंढा माझ्या दारावरून गेला. इथे दोन करून टाका, तिकडे बाराचे अकरा. बेरीज तीच राहते. कागदावर बरं दिसेल."

"ती त्या रात्री तिथे होती," मी म्हणालो.

मला मोह झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. खोडरबर टेबलावरच होतं. पण ज्या गोष्टीसाठी इतकं ऐकून घेतलं ती कागदावरून पुसायची म्हणजे पुन्हा फळ्यावर लिहिण्यासारखंच झालं असतं. हाकिमांनी शिक्का मारला. तिंगराश शहर झालं. बाहेर मबारेकने मला मिठी मारली, माझ्या झग्याला पीठ लागलं.

३ ऑगस्ट

ती आज आली. सोबत पंधरा बायका, एक ढोल, तबक, किटली, तिन्ही पेले. ग्लाना सगळ्यात पुढे होती आणि सगळं तिनेच घडवून आणलं असं सांगत होती. ते बरंचसं खरं आहे. देद्दा लंगडत बाजारातून गेले असं कळलं. मी विचारपूस केलेली नाही, कारण मी काही ऐकलेलंच नाही.

बायका गेल्यावर तिने विचारलं, "मला कुठे लिहिलंस शेवटी?"

मी माझ्याकडच्या प्रती काढल्या. सत्त्याऐंशीची तिने दोन्ही बाजूंनी वाचली. मग दोनशे चौदाची हातात घेतली.

"माणसं एक. म्हणजे सरकारदरबारी तू इथे एकटाच राहतोस?"

"पुढच्या शिरगणतीपर्यंत."

"ती कधी?"

"दहा वर्षांनी."

तिने कागदाची व्यवस्थित घडी केली, आपल्या पितळी कड्यांच्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली.

"मग दहा वर्षं नीट वाग," ती म्हणाली. "बिघडलास, तर मला फक्त निघून जायचंय. कागद तयार आहे."

मी हिशेब केला. तीन हजार सहाशे बावन्न दिवस होतात. वागेन म्हणालो.